जुन्या एक्सपीचा आवाज

ताइपिंग
९ फेब्रुवारी २०१४

प्रिय लान,

तुमच्या चिनी नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा वाजून वाजून थांबला. एकतीस वर्षं मी लोकांचे फोन जोडून दिले आणि आता माझाच फोन कोणी उचलत नाही, हा काय न्याय? म्हणून शेवटी ब्रेलची पाटी आणि टोचणी काढली. किती वर्षांनी ठिपके टोचतेय! अंगठा पहिल्याच ओळीपासून कुरकुरतोय. आपण शाळेत असताना पाच-पाच पानं टोचायचो, ती कोणत्या अंगठ्यांनी?

काम असं आहे. आमच्या बाजारातला कॉम्प्युटरवाला गुणशेखरन, मला मावशी म्हणतो तो, परवा कॉम्प्युटरचा पंखा साफ करायला आला होता. म्हणाला, "माकचिक, तुमच्या कॉम्प्युटरमधलं हे एक्सपी एप्रिलपासून संपलं."

"संपलं म्हणजे? सुरू होणार नाही?"

"सुरू होईल हो. पण कंपनी यापुढे डागडुजी करणार नाही. दार सताड उघडं टाकून झोपल्यासारखं."

"माझ्याकडे चोरण्यासारखं काय आहे रे?"

"मग इंटरनेटची वायर लावू नका, एवढंच."

ती मी गेल्या वर्षीच उपटून ठेवलीय. कुठलासा व्हायरस शिरून माझी निम्मी पुस्तकं खाऊन गेला होता. तर गुणाचं म्हणणं, हे सगळं पुसून त्याजागी नवं सेव्हन घालावं. पण त्यात पडद्यावरचं वाचून दाखवणारा माझा बोलका प्रोग्राम चालणार नाही. तो फार जुना आहे, आणि पाठीमागे लावायची त्याची ती छोटी कुलपासारखी खुंटी नव्याला ओळखताच येत नाही म्हणे.

मी तुला कधी सांगितलंय का, त्या आवाजाला मलय बोलायला हमदानने शिकवलं? आवाज मूळचा इंग्रज. 'नासी लमाक' असं काही म्हणायचा की भूकच मरायची. हमदान वीज कार्यालयातून आला, जेवला, की कॉम्प्युटरपुढे बसायचा. प्रोग्राममध्ये उच्चारांची एक यादी असते, तिच्यात एकेक शब्द तोडून, मोडून, अक्षरं उलटीपालटी करून घालायचा. मी शेजारी बसून म्हणायची, "अजून नाही. अजून नाही. हां, आता बरोबर." अकरा वर्षं हे चाललं. आता माझा नवरा जाऊन तीन वर्षं होतील, आणि दिवसभर घरात बोलणारा तो आवाजच काय तो उरलाय.

तू पंचवीस वर्षं आपल्यासारख्यांना कॉम्प्युटर शिकवलास. तूच सांग. जुनं ठेवू की नवं घेऊ?

तुझी,
कमारिया


सेरेंबान
२० फेब्रुवारी २०१४

कमारिया,

पत्र पोचलं. नव्या वर्षाची गडबड होती, फोन ऐकू आला नसेल. यापुढेही फोन करू नकोस. मी बऱ्याचदा घरी नसते.

उत्तर सोपं आहे. सेव्हन घाल. जुन्याला आता कोणी वाली नाही. आज ना उद्या तुझा तो डबा मान टाकणार आणि मग तुझी उरलेली पुस्तकंही जातील. बोलक्या प्रोग्रामची काळजी करू नकोस. नवा फुकट मिळतो, आपल्यासारख्याच दोघा आंधळ्यांनी लिहिलेला आहे. गुणशेखरनला नाव माहीत नसेल तर मी सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय, माझा मेलचा पत्ताही.

हमदानची यादी मात्र नव्यात जाणार नाही. खोटं कशाला सांगू?

आणि वायर लाव. मेल सुरू कर. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, ते आधी कर. तुझ्या पत्राला सहा दिवस लागले. मेलला सहा सेकंद लागतात. पुढच्या पत्रात तू कशी आहेस ते नको लिहूस, तुझा मेलचा पत्ता लिही.

स्वी लान


ताइपिंग
४ मार्च २०१४

प्रिय लान,

बाई, तू पत्र लिहिलंस की वर्गात गृहपाठ दिलास? "हे आधी कर"! मी साठ वर्षांची आहे.

मी चार दिवस विचार केला. एकदा तर गुणाला फोन लावायला हातही उचलला. पण नाही जमायचं, लान. मी सकाळी उठते, बटण दाबते आणि तो म्हणतो, "सेलामत पागी, कमारिया." नीट, आपल्यासारखं म्हणतो. मग मी चहा घेते आणि तो मला काहीतरी वाचून दाखवतो. कधी कधी मी ऐकतही नसते. शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत असते आणि तो तिकडे बोलत असतो. घरात माणूस आहे असं वाटतं. तुला हसू येईल. येऊ दे.

आणि मेल कोणाला करू? हमदानची बहीण अलोर स्तारला, तिला कॉम्प्युटर म्हणजे काय ते ठाऊक नाही. ऑफिसातल्या मैत्रिणींपैकी निम्म्या गेल्या. राहिलीस तू. तुझ्याशी बोलायला मला फोन पुरे आहे, तू उचललास तर. परवा रविवारी सकाळी पुन्हा लावला होता. रविवारीही तू घरी नसतेस?

एक विचारू? मी नवं घेतलं काय आणि जुनं ठेवलं काय, तुला एवढी घाई का?

मी जुनंच ठेवतेय. रागावू नकोस.

तुझी,
कमारिया


सेरेंबान
१७ मार्च २०१४

कमारिया,

ठीक आहे. ठेव.

मी शिकवणं सोडलं हे तुला सांगायचं राहिलं. आता वर्गाला जात नाही. ठिपके टोचून टोचून माझीही बोटं दुखतात, त्यामुळे यापुढे पत्रं कमीच होतील. वाट पाहू नकोस.

स्वी लान


ताइपिंग
७ एप्रिल २०१४

स्वी लान,

हे पत्र लिहायचं नाही असं ठरवून पाच दिवस काढले.

बुधवारी मी सेरेंबानला आले होते. तुझं ते चार ओळींचं पत्र वाचून मला वाटलं, ही आजारी आहे, नाहीतर हिला माझा कशाचा तरी राग आलाय. दोन्हींपैकी काहीही असलं तरी समोर बसून बोललेलं बरं. पहाटेच्या बसने निघाले. बसमध्ये शेजारच्या बाईने दोनदा विचारलं, "एकट्याच?" मी दोनदा ऐटीत हो म्हटलं. स्थानकावर टॅक्सी केली. टॅक्सीवाल्याने माझा हात धरून तुझ्या फाटकावर नेऊन ठेवला आणि तो गेला.

मी फाटक वाजवलं. काठीने वाजवलं. हाका मारल्या. आधी "लान", मग "स्वी लान", मग शरम सोडून "चिचाक!" भिंतीला हात लावून सरकत सरकत चालायचीस म्हणून सगळी शाळा तुला पाल म्हणायची. चाळीस वर्षांत त्या नावाने तुला माझ्याशिवाय कोणी हाक मारली असेल?

आणि तू घरात होतीस. मला सांगू नकोस की नव्हतीस. माझे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. तुझ्या सपाता वाजत होत्या. तू नळ सोडलास, भांडं घासलंस, ते पालथं घातलंस. खिडकी उघडी होती. मी हाक मारली की तू क्षणभरही थांबत नव्हतीस, इतकं तुझं मन दगडाचं. आणि वर तू गाणं म्हणत होतीस! शाळेच्या गायनात पहिल्या ओळीत उभी राहणारी तू, आणि सूर मुद्दाम वेडावाकडा लावत होतीस. मी बाहेर उभी आहे हे ठाऊक असून माझी टिंगल करत होतीस.

पाऊण तास उभी होते. उन्हाने डोकं तापलं. तुझ्यासाठी घरी परतलेलं खोबऱ्याचं सुकं मटण आणलं होतं, ती पिशवी फाटकाला अडकवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत विचारत हमरस्त्याला लागले.

मैत्री नकोशी झाली असेल तर तसं लिहायचं होतंस. ठिपके टोचायला चार ओळी पुरल्या असत्या.

कमारिया


सेरेंबान
११ मे २०१४

कमारिया,

तुझं पत्र आल्याला महिना होत आला. मी ते रोज वाचते. काही ठिपके आता सपाट झालेत.

तू आलीस तेव्हा मी घरात होते. तू ऐकलंस ते सगळं खरं असणार. मी भांडी घासत होते. मी गात होते, हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

मला ऐकू येत नाही, कमारिया.

पाच वर्षांपूर्वी सुरू झालं. आधी पक्षी गेले. मला वाटलं, समोरचं झाड तोडलं असेल. मग फोनची घंटा गेली. मग वर्गात मुलं प्रश्न विचारायची आणि मी भलतंच उत्तर द्यायची. ती आधी हसायची, मग हसेनाशी झाली. डॉक्टर म्हणतात नसच वाळली आहे, कानात यंत्र घालून उपयोग नाही. गेल्या वर्षाच्या शेवटी उरलंसुरलं गेलं. तू नव्या वर्षाला तीनदा फोन केलास तेव्हा मी फोनपासून दोन हातांवर बसले असेन.

त्या बुधवारी मला पायाला काहीतरी थरथरल्यासारखं वाटलं होतं. मला वाटलं, रस्त्यावरून लॉरी गेली. दोन दिवसांनी फाटक उघडताना पिशवी हाताला लागली, तिला मुंग्या लागल्या होत्या. शेजारणीने चुकून अडकवली असेल असं समजून मी ती फेकून दिली.

तू विचारशील, सांगितलं का नाहीस. तुला लेचमी आठवते? शाळेत जेवणाच्या लांब टेबलाच्या टोकाला बसायची. दिसायचंही नाही आणि ऐकूही यायचं नाही. तिच्याशी बोलायचं तर तिच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढावी लागत. बाई काढायच्या. आपण दोघींनी किती वेळा काढली? मी एकदाही नाही. जेवण झालं की आपण हुंदडायला जायचो आणि ती तिथेच बसलेली असायची, कोणीतरी उठवेपर्यंत. मला लेचमी व्हायचं नव्हतं. निदान तुझ्यासमोर तरी नाही.

मीही एक्सपीवरच होते. माझ्याकडे आता एक पट्टी आहे, की-बोर्डच्या पुढ्यात ठेवायची. पडद्यावरची अक्षरं तिच्यात ठिपके होऊन वर येतात, बोट फिरवलं की वाचता येतात. ती जुन्यावर चालत नव्हती म्हणून मी सेव्हन घातलं. जुना आवाज गेल्याचं दुःख झालं नाही, असं मी सगळ्यांना सांगते. तो ऐकूच येत नव्हता, दुःख कसलं होणार?

घाई का, असं तू विचारलं होतंस. सकाळी उठल्यावर मी त्या पट्टीवर हात ठेवून बसते. जाहिराती येतात. बँकेची पत्रं येतात. माणूस कोणी येत नाही. तुझं पत्र आता महिन्यातून एकदा येतं, ते पुन्हा पुन्हा वाचायचं. तुला मेल असती तर तू रोज एक ओळ तरी लिहिली असतीस, असं मला वाटायचं. तू नाही म्हणालीस, तेव्हा मी ते चार ओळींचं पत्र लिहिलं. ते वाईट होतं.

आता तुला कळलंय, म्हणून दयेने काही करू नकोस. तुझा आवाज तुझ्याकडे राहू दे. हमदानचे शब्द आहेत ते. तुझ्या जागी असते तर मीही सोडले नसते.

चिचाक


ताइपिंग
८ जून २०१४

लान,

दया वगैरे माझ्याकडे नाही. मी ऑपरेटर आहे. लाइन तुटली की जोडायची, एवढंच मला येतं.

लेचमीचं आधी सांगते. मी तिच्या हातावर एकदा लिहिलं होतं. "सरक" असं. खिडकीजवळची तिची जागा मला हवी होती. ती सरकली. तुझं पत्र आल्यापासून ते एकच आठवतंय.

गुणाला बोलावलं आणि म्हटलं, पुसून टाक. पण त्याआधी मला यादी हवीय. तो म्हणाला, "माकचिक, छापून देतो." छापलेल्याचं मी काय करू? मग दोन आठवडे रोज बसले. जुन्या आवाजाकडून एकेक शब्द वदवून घेतला आणि टोचून ठेवला. अकराशे बासष्ट शब्द. हमदानने ज्या क्रमाने घातले त्याच क्रमाने ते आत होते, हे मला ठाऊक नव्हतं.

सुरुवातीला सगळं खाणं. मग त्याच्या ऑफिसातल्या लोकांची नावं, त्यात एक-दोन शिव्या. मग आम्ही पिनांगला गेलो तेव्हाचे रस्ते. पुढे शेजारच्या सलमाहचं लग्न आलं: मेंदी, मिरवणूक, नवरानवरीची खुर्ची. ते लग्न मार्चमधलं. त्याच्या लगेच मागे पाच शब्द होते. गाठ, कर्करोग, केमोथेरपी आणि दोन औषधांची नावं. त्यांच्यानंतर ईदच्या जेवणातला केतुपात.

लान, हमदानने मला आजाराचं सांगितलं ते ईद झाल्यावर. सप्टेंबरात. मार्च-एप्रिलपासून तो ते एकटा जाणून होता, आणि त्याने पहिलं काम हे केलं. मी एक दिवस ते शब्द शोधणार, आणि आवाज ते वेडेवाकडे म्हणणार, हे त्याला नको असावं. "आता बरोबर का?" असं त्याने त्या पाच वेळा मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मला कळलं असतं. न विचारता घातलेत, पण उच्चार इतके स्वच्छ आहेत.

एक अख्खा दिवस मी त्याच्यावर रागावले होते. दुसऱ्या दिवशी तुझ्यावर. मला वाटायचं, मला सगळं ऐकू येतं. श्वासावरून माणूस ओळखायची मी. आणि माझी सगळ्यात जवळची दोन माणसं माझ्यापासून एवढं लपवून बसली, मला काही ऐकू आलं नाही.

मंगळवारी गुणाने पुसलं. पुसायच्या आधी विचारलं, "काही बोलायला लावायचंय का शेवटचं?" मी म्हटलं, नको, रोज बंद होताना म्हणतो तेवढं म्हणू दे. म्हणाला. मग पंखा थांबला. गुणा बराच वेळ उगाच वायरी गुंडाळत बसला.

नवा आवाज आलाय. शिकलेला वाटतो, पण मला दिवसातून दहादा "कॅमेरा" म्हणतो. मी शब्द परत घालायला घेतलेत. सोपं नाही. टोचलेला शब्द बोटाने वाचायचा, मग त्याला घालून द्यायचा, मग ऐकायचं. बरोबर झालं का, हे माझं मलाच विचारते. घर फार शांत आहे. जुना होता तेव्हा मी घड्या घालताना तो बोलायचा, हा बोलायला लागला की मला उठून बंद करावासा वाटतो. होईल सवय, नाहीतर नाही होणार.

वायर लावलीय. शनिवारी सकाळी गुणा मेल सुरू करून देतोय. पत्ता सोबत आहे. ईद संपली की मी सेरेंबानला येते. तळहात तयार ठेव.

कमारिया


शनिवार, १४ जून २०१४
सकाळी ७.३५

लान,
ही मेल. गुणा म्हणतो पाठवली की लगेच पोचते. पोचली का?
कमारिया


सकाळी ७.४१

पोचली. दोनदा वाचली. पट्टीवर तुझं नाव आलं तेव्हा मी हात काढून घेतला आणि पुन्हा ठेवला.

गुणा आहे का तिथे? असेल तर त्याला चहा दे आणि घालव. मग मला सांग, तुझ्या इथे आत्ता काय ऐकू येतंय. चांगलं निवडून नको. जे येतंय ते.
लान


सकाळी ८.०२

गुणा गेला. त्याची मोटारसायकल दोन लाथांत सुरू झाली नाही, तिसऱ्या लाथेत झाली. दुसऱ्या लाथेनंतर त्याने तमिळमध्ये काहीतरी म्हटलं, ते तुला लिहिण्यासारखं नाही.

कोपऱ्यावरच्या खानावळीत रोटीचं पीठ आपटतायत. एक, दोन, मग थांबतो, मग जोरात तिसरा. तव्यावर पडली की चर्र होतं. कोणीतरी चहासाठी "तेह तारिक, साखर कमी!" असं ओरडलं. आतून बाई म्हणाली, "रोज कमी म्हणतो आणि रोज परत मागतो."

पत्र्यावर साळुंक्या नाचतायत. नखं वाजतात त्यांची. दोन असाव्यात, भांडतायत.

सलमाहची आई कोंबड्याला झाडूने हाकलतेय. झाडू लागला नाही, नुसता सिमेंटवर घासला. सलमाहचं धाकटं पोर खदखदून हसतंय, हसता हसता उचकी लागलीय त्याला.

नळातून हवा येतेय, म्हणजे पाणी येणार. माझा फ्रिज कुरकुरतोय. नवा आवाज मी लिहिलेलं मला परत वाचून दाखवतोय आणि साळुंकी म्हणताना अडखळतोय.

लांबून आगगाडी येतेय. अजून फाटकापर्यंत नाही आली. थांब, आली की लिहिते.